आघात होतो, धसका बसतो

दारव्ह्याकडच्या एका गावातले सर वाचनालयाच्या फळ्यासाठी टिपण करताहेत. त्यांनी विचारलंय, 'सायकेडेलिक असिस्टेड थेरपी फॉर ट्रॉमा' (जाणीव बदलणाऱ्या औषधाच्या मदतीनं मनाच्या जखमेवर उपचार) याला 'भ्रमकारक आघातचिकित्सा' म्हटलं तर चालेल का?

सर, नका म्हणू. लोक समजतील, शॉक देतात. दंतचिकित्सा म्हणजे दातांवरची चिकित्सा खरी, पण जलचिकित्सा पाण्यावरची नसते, पाण्यानं केलेली असते. समास दोन्हीकडे वळतो, आणि 'आघात' ऐकला की कान हमखास दुसरीकडे जातो. त्यात 'भ्रमकारक' जोडलं की आधी वेड लावायचं, मग झटका द्यायचा, असं झालं!

'ट्रॉमा' आपल्याकडे हायवेवरच्या पाटीमुळे माहीत. ट्रॉमा केअर सेंटर, म्हणजे ॲक्सिडेंटवाल्याला नेतात ती जागा. तेही चूक नाही, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखमच. मनाच्या जखमेला मात्र आपल्या बोलण्यात शब्द तयार आहे: धसका. क्रियापदं बघा. आघात 'होतो', धसका 'बसतो'. झालेलं होऊन जातं, बसलेलं उठत नाही. आमच्या शेजारच्या काकू सोयाबीन सोंगत होत्या आणि बांधावर वीज पडली. त्यांना खरचटलंही नाही. पाच वर्षं झाली, अजून आभाळ भरून आलं की काकू मधल्या खोलीत जाऊन कान दाबून बसतात. "काकू, वीज लांब आहे" म्हटलं तर म्हणतात, "मले मालूम हाय रे, पन आंग आयकत नाई." ट्रॉमाची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

('हाय खाणे' इथे नको. बोंडअळीनं कपाशी गेली की माणूस हाय खातो. त्यात उमेद जाते, भीती असेलच असं नाही.)

'सायकेडेलिक' हा शब्द १९५६ साली असाच चर्चेतून घडला. हम्फ्री ऑस्मंड हे मानसोपचारतज्ज्ञ आणि लेखक आल्डस हक्सली यांच्यात पत्रं चालली होती. हक्सलींनी 'फॅनेरोथाइम' सुचवला. मागे पडला ते बरंच झालं. ऑस्मंडनी ग्रीक 'मन' आणि 'उघड दिसणारं' हे दोन शब्द जोडले. तोवर या द्रव्यांना वेडाची नक्कल करणारी म्हणत, तो शिक्का त्यांना पुसायचा होता. 'भ्रमकारक' लिहून आपण तोच परत मारतो. 'मनोदर्शी' म्हणा.

खरी गोम 'असिस्टेड'मध्ये आहे. एमडीएमए या अशाच एका औषधाच्या चाचण्यांत आधी नुसत्या बोलण्याच्या बैठका झाल्या. मग औषध देऊन सुमारे आठ तास दोन थेरपिस्ट सोबत बसले. महिनाभराच्या अंतरानं असं तीनदा, आणि दर खेपेनंतर पुन्हा बोलणं. वैद्य चूर्ण मधातून देतात तेव्हा मध हे अनुपान, म्हणजे औषध पोचवणारी जोड, असतं. इथे बोलणं हे औषध आणि गोळी अनुपान. म्हणून 'धसक्यावर मनोदर्शी औषधाच्या जोडीनं मानसोपचार'. लांब आहे, पण फळा मोठा असेलच.

खाली एवढं जरूर लिहा: ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून परवानगी मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांनाच हे देता येतं, अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मंजुरी नाकारली, आणि आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यानं बंदी आहे. सिलोसायबिन हे दुसरं मनोदर्शी द्रव्य अळंबीत असतं असं लिहिणार असाल तर 'आपल्या टेकोड्यांत (वारुळावरच्या खायच्या अळंबीत) नव्हे' हेही जोडा, नाहीतर पहिल्या पावसात पोट्टे वारुळांकडे धावतील.