वाचकांचे प्रश्न : अकरा मिनिटे आणि एकच ठेका

मागील अंकात एका पत्राला उत्तर देताना मी असे लिहून गेलो की, ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल या अमेरिकी बँडची ताकद अडीच-तीन मिनिटांच्या गाण्यांत आहे, त्यांची लांबलचक गाणी ही त्या काळाची फॅशन होती.’ वाक्य ओघात आले होते, परंतु किनारपट्टीवरील वाचकांनी ते ओघात वाचले नाही. देवगडपासून श्रीवर्धनपर्यंतची पत्रे आली आणि बहुतेकांचा सूर ‘पुन्हा ऐका’ असाच होता. मी पुन्हा ऐकले. वाक्याचा पूर्वार्ध कायम ठेवून उत्तरार्ध मी मागे घेत आहे. त्याचे कारण पहिल्याच उत्तरात येईल.

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात आंब्याची बाग आहे. एप्रिल-मे महिन्यांत रात्री उशिरापर्यंत पेट्या भरण्याचे काम चालते आणि त्या वेळी माझा मुलगा या बँडचे ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ लावतो. इंग्रजीचा गंध नसलेली आमची माणसेसुद्धा ते गाणे बंद करू देत नाहीत. त्याच काळातील इतर बँडची लांब गाणी लावली की मात्र दहा मिनिटांत कुणीतरी ‘दुसरे लावा’ म्हणते. हा केवळ सवयीचा परिणाम आहे का? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : सवयीचा नाही. आपल्या माणसांचा कान योग्य तेच निवडतो आहे, आणि तो काय निवडतो हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हे चौघे कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठच्या एल सेरिटो या गावचे. जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड हे शाळासोबती १९५९ पासून एकत्र वाजवू लागले. जॉनचा थोरला भाऊ टॉम त्यांना येऊन मिळाला. नाव बदलत, लहान-मोठ्या क्लबांत वाजवत त्यांनी आठ-नऊ वर्षे काढली आणि १९६८ मध्ये नव्या नावाने पहिला अल्बम आला. त्यात ‘सूझी क्यू’ हे डेल हॉकिन्सचे १९५७ मधले छोटेसे गाणे त्यांनी ८ मिनिटे ३७ सेकंदांपर्यंत ताणले होते. त्यामागे हिशोब होता. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तेव्हा केएमपीएक्स हे रेडिओ केंद्र लांब गाणी अखंड वाजवत असे आणि आपले गाणे तिथे लागावे, अशी जॉनची इच्छा होती. पुढे तेच गाणे छोट्या तबकडीवर काढताना दोन तुकडे करून दोन बाजूंना घालावे लागले, आणि तशा कापलेल्या रूपातही ते लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेले. मी ‘फॅशन’ म्हणालो ते या हिशोबामुळे.

परंतु त्या शहराकडून त्यांनी केवळ लांबी घेतली, रीत घेतली नाही, ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. त्या काळच्या तिथल्या बँडचे जॅम (आयत्या वेळी सुचेल तसे केलेले लांब सहवादन) म्हणजे पुष्कळदा प्रत्येकाने आपापल्या वाटेने शोधायला निघणे. कधी काही सापडत असे, कधी नुसतीच भटकंती होत असे. हे चौघे मात्र नियमाने तालीम करणारे, नशेपाण्यापासून दूर राहून काम करणारे होते. बर्कलेमधील त्यांच्या तालमीच्या जागेला ‘फॅक्टरी’ म्हणत, आणि डगच्या ‘कॉस्मो’ या टोपणनावासह तोच शब्द १९७० च्या ‘कॉस्मोज फॅक्टरी’ अल्बमच्या नावात आला. आपल्या पेट्यांच्या खोलीत वाजणारे ११ मिनिटे ५ सेकंदांचे गाणे त्याच अल्बममधले आहे.

त्या गाण्यात शब्द लवकर आटोपतात आणि निम्म्याहून अधिक काळ केवळ वाद्ये चालू राहतात. श्रोत्याचे लक्ष साहजिकच जॉनच्या गिटारकडे जाते, पण एकदा ते मुद्दाम बाजूला सारून टॉमच्या गिटारकडे द्यावे. त्याच्या हातात स्वतःची म्हणावी अशी एकही जागा नाही. तो तेवढाच आघात तितक्याच अंतराने देत राहतो, स्टूचा बास (खालच्या स्वरांची गिटार) त्याला खालून धरून असतो आणि डगचा ढोल पुढेही पळत नाही, मागेही रेंगाळत नाही. जॉन कितीही दूर गेला तरी त्याला परत येण्यासाठी अंगण झाडून ठेवलेले आहे, असे ऐकणाऱ्याला वाटत राहते. हात कामात असलेल्या माणसाला नेमका असा ठेका लागतो. पेंढा पसरणे, फळ लावणे, पेटी सरकवणे या हालचालींना धक्का न देता तो सोबत चालतो.

सवयीचा मुद्दा खोडून काढायचा असेल, तर एक उलट प्रयोग करून पाहावा. याच बँडने १९७० च्या डिसेंबरमध्ये काढलेल्या ‘पेंड्युलम’ अल्बमच्या शेवटी ‘रूड अवेकनिंग नंबर टू’ नावाचा सहा मिनिटांहून मोठा शब्दविरहित तुकडा आहे. त्याच्या उत्तरार्धात ठेका सोडून देऊन नुसते चित्रविचित्र आवाज जोडलेले आहेत. तो लावल्यास आपली माणसे ‘दुसरे लावा’ म्हणतील, असा माझा अंदाज आहे. माणसे तीच, बँड तोच, लांबीसुद्धा ‘ग्रेपव्हाइन’हून कमी, फक्त ठेका नाही.

प्रश्न : मी डबलबारी भजनात पखवाजाची साथ करतो. ‘कीप ऑन चूगलिन’ मला फार आवडते, परंतु गिटार शिकलेला माझा भाचा म्हणतो की, पावणेआठ मिनिटे एकाच कॉर्डवर काढणे हे कल्पनेचे दारिद्र्य आहे. त्याला काय उत्तर द्यावे? आणि याला ‘जॅम’ म्हणणे योग्य आहे काय? (एक पखवाजवादक, मालवण)

उत्तर : भाच्याचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकला आहे. १९६९ च्या ‘बायू कंट्री’ अल्बममधील हे गाणे जवळजवळ संपूर्णपणे एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या एकाच समूहावर, उभे आहे. त्याच अल्बममधील ‘ग्रेव्हयार्ड ट्रेन’ तर याहून हट्टी आहे. तिथे बासचा एक लहानसा तुकडा साडेआठ मिनिटे फिरत राहतो आणि त्यावर माउथ ऑर्गन विव्हळतो. पाश्चात्त्य गाण्यात कॉर्ड बदलली की कुठेतरी पोहोचल्यासारखे वाटते. ती बदलायचीच नाही असे ठरवल्यावर पोहोचण्याची अपेक्षा गळून पडते आणि कान आघात, नादाचा पोत, किंचित वाढलेला जोर अशा गोष्टींकडे वळतो. तानपुऱ्याचा षड्ज तासभर ऐकणाऱ्या श्रोत्याला हे समजावून सांगावे लागू नये. भाच्याला लागते, कारण त्याने गिटार कॉर्डच्या वहीतून शिकलेली असावी.

आपल्याला तर याहून जवळचे उदाहरण हाताशी आहे. बुवा गजर धरतात तेव्हा शब्द किती असतात? देवाचे नाव आणि फार तर एखादी ओळ. तीच ओळ कोरस पुन्हा पुन्हा उचलतो, झांज दाटत जाते आणि मंडपात मागे पेंगणारा माणूसही सावरून बसतो. त्या वेळी ‘ओळ बदला’ असे कुणी म्हणत नाही. फरक आहे तो लयीचा. गजरात लय चढत जाते. ‘कीप ऑन चूगलिन’मध्ये ती आहे तिथेच राहते आणि ताप वाढतो तो गिटार व माउथ ऑर्गनच्या दाबाने. पखवाजाच्या साथीला बसणाऱ्याने ही गोष्ट करून पाहावी. लय न चढवता रंग चढवणे किती कठीण आहे, ते हातालाच कळेल. (‘चूगलिन’ हा शब्द जॉनने स्वतः घडवलेला आहे, त्याचा अर्थ विचारणाऱ्या दोन पत्रांना हेच उत्तर समजावे.)

लयीचा खेळ हवा असेल तर ‘कॉस्मोज फॅक्टरी’च्या आरंभीचे ‘रॅम्बल टॅम्बल’ ऐकावे. माझ्या मते त्यांच्या सर्व लांब गाण्यांत हे श्रेष्ठ आहे आणि मागच्या अंकातले माझे वाक्य मुख्यतः यानेच खोटे पाडले. सात मिनिटांच्या या गाण्याची सुरुवात भरधाव होते, मग लय अचानक उतरते आणि मधली जवळजवळ चार मिनिटे गिटारांचे थर एकावर एक चढत राहतात. त्यात मिरवण्यासाठी वाजवलेला एकही स्वर नाही. भरतीचे पाणी खाडीत शिरते तेव्हा ते चढताना दिसत नाही, होडी उचलली गेल्यावरच कळते, तसा हा चढ आहे. नंतर पहिली धाव परत येते.

‘जॅम’ या शब्दाविषयी माझी हरकत नाही, परंतु तो सैल अर्थाने घ्यावा. डबलबारीत दोन बुवा एकमेकांना उत्तरे देतात. येथे एकच बुवा आहे, बाकीचे तिघे टाळकरी. गाणी, मांडणी, ध्वनिमुद्रण या सर्वांवर जॉनचीच पकड होती. ठेका इतका घट्ट राहिला तो या पकडीमुळे, आणि १९७१ च्या आरंभी टॉम बाहेर पडला, १९७२ मध्ये बँड मोडला, तोही बऱ्याच अंशी तिच्यामुळेच.

प्रश्न : ‘बायू’ म्हणजे आपल्याकडचे खाजणच का? आणि हे लोक तिकडचेच होते ना? (एक विद्यार्थिनी, गुहागर)

उत्तर : खाजणाच्या जवळचे, पण खाजण नव्हे. आपले खाजण भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यावर जगते. लुइझियानातील बायू म्हणजे मिसिसिपीच्या मुखाकडील सपाट प्रदेशातले, वाहते की नाही असा संशय यावा इतक्या संथ पाण्याचे फाटे. बँड मात्र तिथला नव्हता. ‘बॉर्न ऑन द बायू’ लिहिणाऱ्या जॉनचे बालपण तेथून सुमारे तीन हजार किलोमीटरवर, कॅलिफोर्नियात गेले. दलदलीचा तो भास त्याने ऐकीव संगीतातून आणि एका तांत्रिक युक्तीतून उभा केला. अँप्लिफायरमधील ट्रेमोलो लावला की गिटारचा आवाज एका लयीत लहान-मोठा होत थरथरतो, आणि त्या थरथरीमुळे उष्ण, दमट, स्थिर हवेचा भास होतो. तिवरांच्या सावलीत उभे राहून ऐकल्यास आपल्यालाही तो परका वाटणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे या बँडच्या प्रत्यक्ष मैफलींच्या दोन तबकड्या आहेत. दोन्हींवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचे नाव आहे, पण वादन वेगळे आहे. यातील खरी कोणती? आणि लांब गाण्यांसाठी कोणती घ्यावी? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : आपली जुनी तबकडी १९८० मध्ये निघालेली असणार. कंपनीने तिच्यावर अल्बर्ट हॉलचे नाव छापले खरे, परंतु ते ध्वनिमुद्रण ३१ जानेवारी १९७० रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झालेल्या मैफलीचे होते. चूक लक्षात आल्यावर पुढच्या प्रतींवर नुसते ‘द कॉन्सर्ट’ असे नाव आले. एप्रिल १९७० मधील अल्बर्ट हॉलचे खरे ध्वनिमुद्रण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही ठेवावीत, दोन्हींचा शेवट ‘कीप ऑन चूगलिन’नेच होतो आणि अडीच महिन्यांच्या अंतराने तेच गाणे किती सारखे वाजते हे ऐकण्यासारखे आहे. ज्याला ऐन वेळचे स्फुरण म्हणतात, ते या बँडमध्ये फार नव्हते.

लांब गाण्यांसाठी मात्र मी तिसरीच तबकडी सुचवीन. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वुडस्टॉकच्या संगीत उत्सवात ग्रेटफुल डेड या बँडनंतर, मध्यरात्र उलटून गेल्यावर, यांची पाळी आली. समोरचे बरेच लोक झोपले होते. जॉनला ते वादन पसंत नव्हते, त्यामुळे उत्सवावरील गाजलेल्या चित्रपटात ते आले नाही आणि संपूर्ण मैफल २०१९ मध्येच प्रसिद्ध झाली. शेवटी ‘कीप ऑन चूगलिन’ आणि ‘सूझी क्यू’ ही दोन्ही गाणी प्रत्येकी दहा मिनिटांच्या आसपास चालतात. निजलेल्या जमावापुढेही ठेका तसूभर ढळत नाही. जॉनने त्या रात्रीविषयी इतके वाईट का वाटून घेतले, हे ऐकल्यावर मला तरी समजले नाही.

प्रश्न : ‘ग्रेपव्हाइन’वरून आमच्या घरात रोज वाद होतो. यजमानांना ते शेवटपर्यंत हवे असते. मला सातव्या मिनिटानंतर कंटाळा येतो. न्याय द्यावा. (एक गृहिणी, श्रीवर्धन)

उत्तर : आपल्या बाजूने एक पुरावा आहे. १९७६ मध्ये कंपनीनेच हे गाणे कापून छोट्या तबकडीवर काढले होते. मलाही आठव्या-नवव्या मिनिटाच्या सुमारास गिटार त्याच त्या जागा पुन्हा धुंडाळते आहे असे वाटते. तरीही मी ते बंद करत नाही, आणि माझी साक्ष निःपक्षपाती नाही हे आधीच सांगून ठेवतो.

माझा मामेभाऊ बोटीवर होता. त्याने परदेशात कुणाच्या तरी रेकॉर्डवरून ‘कॉस्मोज फॅक्टरी’ हा संपूर्ण अल्बम साठ मिनिटांच्या कॅसेटवर सलग उतरवून आणला होता. कॅसेटची बाजू कुठे संपते याचा विचार त्याने केला नव्हता. अल्बममध्ये या गाण्याच्या आधी जवळजवळ २८ मिनिटांचे संगीत आहे. त्यामुळे गाणे सुरू होऊन दोन-तीन मिनिटे होतात न होतात तोच खट् असा आवाज होऊन पट्टी संपायची. कॅसेट उलटून लावली की गाणे पुढे कुठूनतरी सुरू व्हायचे. मधला तुकडा कुठे गेला हे आम्हाला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते, आणि त्या हरवलेल्या तुकड्यात काय असेल यावर पडवीत बसून आम्ही जेवढी चर्चा केली, तेवढी मिळालेल्या भागावर कधी केली नाही. पुढे तबकडी हाती आल्यावर कळले की, तिथे विशेष काही नव्हते. तोच ठेका चालू होता.

यजमानांना सांगावे की, आठवड्यातून तीन दिवस पूर्ण वाजवावे. उरलेले चार दिवस सातव्या मिनिटाला उठून बंद करण्याचा अधिकार आपला.