आजीच्या मशीनवर पहिली वाकळ

ताई, आजीची पायमशीन माळ्यावरून उतरवलीत, हे ऐकून लई बरं वाटलं. पण लगेच वाकळ शिवायला बसू नका.

आधी धूळ पुसा, तेलाच्या भोकांत मशीनचंच तेल थेंब-थेंब सोडा. खोबरेल नको, ते घट्ट होऊन मशीन जाम होते. दोरा न ओवता वहीच्या कागदावरच्या रेघांवर दोन दिवस सुई चालवा. चाक कायम स्वतःकडेच फिरलं पाहिजे. नवशिक्याचं चाक उलटं जातं, दोऱ्याचा गुंता होतो आणि दोष मशीनला लागतो.

आता कापड. जुनं लुगडं उजेडासमोर धरा, दोन्ही हातांनी ताणा. चरचरलं तर ते वरच्या थराला नको, आत घाला. माझ्या आईच्या इरकलीचा पदर असाच विरला होता. काठ मात्र शाबूत. ते काठ उसवून मी वाकळेला चौफेर लावले. आजही त्यावरून हात फिरवला की आईच्या मांडीवर निजल्यासारखं वाटतं.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:
- सगळं सुती घ्या, आधी धुऊन वाळवा. सुती-नायलॉन एकत्र केलं की धुतल्यावर चुण्या पडतात.
- पहिली वाकळ बाळाच्या मापाची, तीनच थरांची.
- थर ओसरीवर पसरून आधी कच्चे टाके घाला. घाईत हेच राहतं आणि आतलं कापड गोळा होतं.

जाड थर मशीनखाली रेटू नका, सुई मोडते. तिथं हातानं धावदोराच घाला. ठिगळांची नक्षी पुढच्या खेपेला.