रायझन 5 5600 ओव्हरक्लॉक केला तर गेममध्ये खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एएमडीचा रायझन 5 5600 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी 3200 ची रॅम, आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरच्या खोक्यातच आलेला कूलर आणि 1080पी 144 हर्ट्झचा मॉनिटर. राहायला जळगावात. युट्यूबवर एकाने हाच प्रोसेसर 1.35 व्होल्टवर, सगळे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) 4.7 गिगाहर्ट्झला लावून चालवलेला तुम्ही पाहिलात, आणि तेच आकडे आपल्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) टाकावेत का असं विचारताय.

नका टाकू. ते आकडे त्याच्या चिपचे आहेत, त्याच्या कूलरचे आहेत आणि बहुधा त्याच्या एसीचेही.

ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे चिप तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवण्याच्या, नादाला मी लागलो 2008 मध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. माझ्याकडे पेंटियम ई2160 होता, 1.8 गिगाहर्ट्झचा. मल्टिप्लायर 9, बस (बोर्डाचा मूळ ठोका, त्याला मल्टिप्लायरने गुणलं की वेग मिळतो) 200 मेगाहर्ट्झ. बायोसमध्ये बस 333 केली की तोच प्रोसेसर 3 गिगाहर्ट्झला धावायचा. हॉस्टेलवर आठवडाभर मिरवलो होतो. त्याच्याही दहा वर्षं आधी, 1998 च्या सेलेरॉन 300ए ची बस 66 वरून 100 वर नेली की 300 चे 450 मेगाहर्ट्झ व्हायचे. ओव्हरक्लॉकिंगचा आजही जो दबदबा आहे तो त्या दिवसांच्या पुण्याईवर. स्वस्तातल्या चिपला तेव्हा मुद्दाम मागे बांधून ठेवलेलं असायचं. दावं सोडलं की ती पळायची.

आता दावं कंपनीनेच सोडलेलं असतं. 5600 चा मूळ वेग 3.5 गिगाहर्ट्झ, पण तापमान आणि वीज यांची परवानगी असेल तर तो स्वतःहून 4.4 पर्यंत चढतो आणि क्षणाक्षणाला परिस्थिती बघून खालीवर होत राहतो. चरकातून तीनदा काढलेला ऊस आपल्या हातात येतो. अजून थोडा रस निघतो, नाही असं नाही, पण हिशेब करा: 4.4 चे 4.65 झाले तर वाढ सहा टक्क्यांच्या आत. गेम सर्वस्वी प्रोसेसरवरच अडलेला असला तरी 150 एफपीएसचे (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचे) फार तर 158 होतील. डोळ्याला कळणारही नाहीत.

आणि तुमचा गेम प्रोसेसरवर अडलाय हे तरी कुठे ठरलंय?

पोळ्या करताना एक जण लाटतो आणि एक जण भाजतो. प्रोसेसर लाटतो: कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं याची यादी तयार करून ग्राफिक्स कार्डाला देतो. कार्ड भाजतं. तवा आधीच भरलेला असेल तर लाटणाऱ्याने हात कितीही भरभर चालवला तरी पोळ्यांची चळत परातीतच साचणार. सायबरपंक 2077 सारख्या गेममध्ये, ग्राफिक्स अल्ट्रावर ठेवलं तर, तुमच्या 3060 चा तवा नक्की भरलेला असेल. व्हॅलोरंटमध्ये उलटं. तिथे कार्ड निवांत असतं आणि लाटणारा घामाघूम.

हे तपासायला पाच मिनिटं लागतात. एमएसआय आफ्टरबर्नर टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं), त्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरने गेमवरच आकडे दिसू द्या. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करून नेहमीच्या जागी खेळा. कार्डाचा वापर 97-99 टक्के दिसत असेल तर प्रोसेसरला हात लावून काहीही मिळणार नाही. 60-70 वर लोंबकळत असेल तर अडचण बहुतेक लाटण्यात आहे. खात्री करायची तर रिझोल्यूशन 720पी करून बघा. एफपीएस होते तिथेच राहिले की समजा प्रोसेसरच.

इथे एक गफलत हमखास होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 35 टक्के दिसतो आणि लोक म्हणतात, प्रोसेसर तर रिकामाच आहे. तुमच्या 5600 ला 12 थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एक अख्खा थ्रेड शंभर टक्के खात असला तरी एकूणात तो दिसणार आठ टक्के. त्यामुळे प्रोसेसरचा एकूण आकडा बघायचाच नाही, कार्डाचा बघायचा.

समजा प्रोसेसरच निघाला. तरी पहिला हात रॅमला लावा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा आणि तिथला वेग वाचा. 3200 ची म्हणून घेतलेली रॅम तिथे 2133, 2400 किंवा 2666 दाखवत असेल तर तुम्ही पैसे भरलेला वेग आजवर वापरलेलाच नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेली तिच्या वेगाची सेटिंग) चालू केल्याशिवाय तो मिळत नाही, आणि असेंबल करून देणारे बरेच जण ते करायचं विसरतात. माझ्याकडे "पीसी स्लो आहे" म्हणून आलेल्या ओळखीतल्यांच्या मशीनमध्ये मी हल्ली आधी हेच उघडून बघतो. 3200 हा 5600 चा अधिकृत वेग आहे, त्यामुळे यात धाडस काही नाही. दुसरं म्हणजे 16 जीबीची एकच पट्टी आहे की 8-8 च्या दोन, हे बघा. एकच असेल तर मेमरीचा रस्ता निम्मा बंद आहे. दोन असतील आणि स्लॉट चार असतील, तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात.

रॅमला एवढं महत्त्व का, तर गेममध्ये प्रोसेसरचा बराच वेळ काम करण्यात नाही, मेमरीतून माल यायची वाट बघण्यात जातो. एएमडीने 2022 मध्ये 5800एक्स3डी काढला तेव्हा हे ढळढळीत दिसलं. त्याचा कमाल वेग 4.5, म्हणजे साध्या 5800एक्सच्या 4.7 पेक्षा कमीच. पण एल3 कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) 32 ऐवजी 96 एमबी. गेममध्ये तो बहुतेक ठिकाणी 5800एक्सला मागे टाकायचा, आणि त्याचा मल्टिप्लायर तर कंपनीने कुलूपबंदच ठेवला होता. गिगाहर्ट्झच्या मागे धावणाऱ्या आम्हा लोकांना ती चपराकच होती.

आता एवढं सगळं करूनही हात शिवशिवत असतील (माझे अजूनही शिवशिवतात), तर हाताने सगळ्या कोअरना एकच आकडा ठोकायचा जुना रस्ता सोडा. त्याने प्रोसेसरची स्वतःची चढउतार बंद पडते आणि गरज असो-नसो तोच व्होल्टेज चालू राहतो. उष्णतेचं गणित व्होल्टेजच्या वर्गाने वाढतं. 1.2 चे 1.35 केले की त्यानेच वीज साधारण 26 टक्के जास्त, आणि वर वेग पाच टक्के वाढवला तर 33 टक्क्यांच्या घरात. पाच टक्के वेगासाठी तेहतीस टक्के उष्णता, हा सौदा तुम्ही बाजारात केला असता का? शिवाय जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू झिजते. इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याने 2024 मध्ये कंपनीला नवा मायक्रोकोड (चिपच्या आतली आज्ञावली) द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवावी लागली, ही बातमी तुम्ही वाचली असेलच.

5600 साठी योग्य जागा म्हणजे बायोसमधला पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, प्रोसेसरला स्वतःहून चढायला जास्त मोकळीक देणारी सोय) आणि त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर. बी450 वर बायोस नवं असेल तर तो मिळतो. (ए320 आणि ए520 बोर्डांवर ओव्हरक्लॉकिंगची सोय नसते, तुमचं नशीब चांगलं.) सगळ्या कोअरना उणे 10 देऊन सुरुवात करा. म्हणजे त्याच वेगाला थोडा कमी व्होल्टेज. त्यामुळे चिप थंड राहते, आणि थंड राहिली म्हणून वरचा वेग जास्त वेळ टिकवते. ठीक चाललं तर उणे 15, मग उणे 20. कमाल वेगात 200 मेगाहर्ट्झची भर घालायची असेल तर शेवटी. एवढं मात्र माहीत असू द्या की एएमडीच्या लेखी पीबीओ हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

टेस्टिंग नीट करा. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी दहा मिनिटं चालली म्हणजे झालं असं नसतं. कर्व्ह जास्त खाली नेला तर मशीन पूर्ण लोडवर व्यवस्थित चालतं आणि नंतर ब्राउझर उघडून शांत बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट होतं. कोअरसायकलर नावाचं छोटं साधन एकेका कोअरला आळीपाळीने ताणतं, ते रात्रभर लावून ठेवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया (WHEA) नावाने चूक नोंदलेली दिसली की दोन पावलं मागे या.

रॅमच्या बाबतीत तर मी स्वतः पोळलोय. 3600 ची रॅम 3733 वर चालवत होतो. गेम चालत होते, बेंचमार्क चालत होते, महिनाभर एकही निळा स्क्रीन नाही. त्याच दिवसांत ताईच्या लग्नाचे फोटो एका डिस्कवरून दुसरीवर हलवले आणि जुनी डिस्क पुसून टाकली. नंतर उघडून बघतो तर कुठे अर्ध्या फोटोवर करडा पट्टा, कुठे रंगच बदललेले. मेमटेस्ट लावला तर पहिल्याच फेरीत चुका. फोटोग्राफरकडे मूळ प्रत होती म्हणून घरात तोंड दाखवायला जागा राहिली. मिळालं काय होतं त्या 133 मधून? दोन एफपीएस, असले तर. म्हणून रॅमच्या वेगाला हात लावलात की आधी मेमटेस्ट86 च्या चार फेऱ्या, मगच विंडोज.

राहिलं जळगाव. परदेशी रिव्ह्यू करणाऱ्यांची खोली 20-22 अंशांवर असते. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर 44-45 असताना एसी नसलेल्या खोलीत 38-40 सहज असतं. खोली जितकी गरम, तितकी चिप त्याच्या वर. व्हिडिओत 75 दिसलेला प्रोसेसर तुमच्याकडे 90 ला टेकेल, आणि तिथे तो स्वतःहून वेग कमी करेल. म्हणजे हिवाळ्यात केलेलं ओव्हरक्लॉकिंग उन्हाळ्यात अंडरक्लॉकिंग होतं. खोक्यातला तो बुटका कूलर 5600 ला मूळ वेगात कसाबसा पुरतो. आहे ते पैसे 120 मिलिमीटर पंख्याच्या एखाद्या साध्या टॉवर कूलरवर घाला. कॅबिनेटच्या पुढे काच असेल तर हवा कुठून आत येते तेही बघा. आणि खोलीत वाळ्याचा कूलर लावत असाल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओलावा आणि धूळ एकत्र आली की आत चिखलच.

जुना कूलर काढताना एक सांभाळा. तुमच्यासारख्या एएम4 सॉकेटच्या प्रोसेसरला पिना खालून असतात आणि पेस्ट वाळली की तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, चारही स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करा. स्क्रू निघाले की मागची पट्टी बोर्डामागून खाली पडते, तेव्हा कॅबिनेट आडवं ठेवा आणि मागे हात धरायला कुणालातरी उभं करा. हे मार्चच्या आत उरकलं तर बरं.