शेअर्ड होस्टिंगवर मंडळाची साइट टाकतोयस तर

अरे ते होस्टिंगच्या प्लॅनवर अनलिमिटेड लिहिलेलं असतं ना त्याला भुलू नकोस. बँडविड्थ, म्हणजे साइटवरून किती डेटा जातो ते, नसतील मोजत कदाचित, पण सीपीयू, रॅम आणि एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस यांवर लिमिट असतंच, शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, चाळीतली पाण्याची टाकीच ती, एकाने नळ सोडून ठेवला की बाकीचे बोंबलणार. बऱ्याच ठिकाणी लिमिट ओलांडलं की सरळ ५०८ एरर, म्हणजे साइट उघडतच नाही.

आता तुझं गिरगावातलं मंडळ, आगमनाचे फोटो मोबाइलमधून थेट ५-५ एमबीचे चढवलेस आणि १० फोटोंचं पान हजार जणांनी उघडलं तर ५० जीबी गेले की! आधी १२०० पिक्सेल रुंद कर, वेबपीत (फोटो हलका करणारा फॉरमॅट) सेव्ह कर, मग चढव. व्हिडिओ यूट्यूबवरच ठेव बाबा. साइट वर्डप्रेसवर बनवली असेल तर कॅशिंग प्लगइन (तयार पान साठवून तेच दाखवणारं) टाकच, नाहीतर प्रत्येक व्हिजिटला पान नव्याने बनवायला पीएचपी कोड नि डेटाबेस पळत बसतात. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल) हॉटलिंक प्रोटेक्शन असतं तेपण चालू कर, लोक तुझ्या फोटोची लिंक उचलून स्वतःच्या साइटवर लावतात आणि डेटा जातो तुझा. बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम, आवरायला रोबोट्स फाइलमध्ये (बॉटसाठीच्या सूचनांची फाइल) क्रॉल-डिले, म्हणजे दोन भेटींमध्ये थांबायची सूचना, टाकतात, पण गूगल ते मानत नाही.

आणि लगेच मोठा प्लॅन घेऊ नको, आधी रिसोर्स युसेज बघ, नक्की काय संपतंय ते.