नल चेक टाकल्यावर क्रॅश थांबला, म्हणजे बग गेला का?

तुमचा प्रश्न: लिनक्स कर्नलच्या नेटवर्किंग कोडमध्ये यूज-आफ्टर-फ्री (सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं) येतोय, क्रॅशच्या ओळीआधी नल चेक (पॉइंटर रिकामा आहे का, ही तपासणी) टाकला की थांबतो, तोच पॅच पाठवू का?

नका पाठवू. याच गोष्टीवरून माझं ऑफिसात कडाक्याचं वाजलंय.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहान कंपनीत होतो. लिनक्सवरचे राउटर, त्यात आमचं स्वतःचं प्रोटोकॉल मॉड्यूल. एका साखर कारखान्याचा वजनकाटा त्यावर चालायचा. ऐन गाळपात राउटर पॅनिक व्हायचा, काटा बंद, आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत. क्रॅश दरवेळी टायमरच्या हँडलरमध्ये. सर म्हणाले, "नल चेकचा इफ टाक आणि बिल्ड दे." मी म्हटलं, सर, मेमरी फ्री झाली म्हणून पॉइंटर आपोआप नल होत नाही. उताऱ्यावर जुन्या मालकाचं नाव तसंच राहावं आणि जमीन केव्हाच विकली जावी, तसं आहे हे. पत्ता तोच, आत दुसऱ्याचाच डेटा. इफ खुशाल पास होतो. पण हंगामाची घाई, बिल्ड गेलीच. दोन-चार दिवस शांतता, मग पुन्हा रांग.

मग केसॅन (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून कर्नल बांधला. त्याचा रिपोर्ट तीन स्टॅक देतो: आता हात कुणी लावला, मेमरी घेतली कुणी, सोडली कुणी. तिसरा आधी वाचा, लोक पहिल्यावरच अडकतात. आमचं सॉकेट क्लोजच्या वाटेनं फ्री होत होतं आणि टायमर अजून लागलेलाच. कोडमध्ये थेट मॉड_टायमर वापरलेलं, ते सॉकेटचा रेफरन्स (अजून वापरात आहे, अशी नोंद) धरत नाही. एसके_रीसेट_टायमर टायमर नव्यानं लावताना सॉकेटचा एक रेफरन्स धरून ठेवतं. ते वापरलं, थांबवायला एसके_स्टॉप_टायमर, आणि तो रेफरन्स सोडायला हँडलरच्या शेवटी सॉक_पुट. इफ काढून टाकला. त्यानंतर काटा बंद पडला नाही. सर मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की इफ असता तर बिघडलं काय असतं.

बिघडतं ते असं, की बग झाकला जातो. डीसीसीपी या नेटवर्क प्रोटोकॉलच्या लिनक्स कोडमध्ये २०१७ साली सापडलेला डबल-फ्री (तीच मेमरी दोनदा सोडणं) बघा, सीव्हीई-२०१७-६०७४. आपोआप चाचण्या करून बग शोधणाऱ्या सिझकॉलरनं शोधला, दहा वर्षांहून जास्त काळ कोडमध्ये पडून होता. एसकेबीचा (पॅकेट ठेवणाऱ्या बफरचा) रेफरन्स दुसरीकडे धरून ठेवलेला असतानाही कोड रेफरन्सचा काउंट न बघता तो थेट फ्री करत होता. दुरुस्तीत काउंट पाळणारं कन्झ्यूम_एसकेबी आलं. नल चेकनं तिथं काय साधलं असतं?

तुमच्या कोडमध्ये क्लोज करताना पॉइंटर खरोखर नल होत असेल, तर चेकनं क्रॅश कमी होईल. पण चेक आणि वापर यांच्यामध्ये दुसरा सीपीयू घुसू शकतो, म्हणजे लॉक किंवा रेफरन्स लागणारच. ऑब्जेक्ट आरसीयूखाली (लॉक न घेता वाचण्याची कर्नलची पद्धत) शोधत असाल तर रेफरन्स घेणारा साधा गेट चालत नाही, रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो लागतं आणि फ्री केएफ्री_आरसीयूनं. केसॅन मेमरी खातो, वेगही घटवतो, तो टेस्टच्या मशीनवरच ठेवा. पॅचमध्ये फिक्सेस टॅग (बग कुठल्या कमिटनं आणला ते सांगणारी ओळ) द्या, आणि रेफरन्स कुणाचा होता, कुणी आधी सोडला, हे कमिट मेसेजमध्ये लिहा. ते लिहिता येत नसेल तर बग अजून सापडलेला नाही, मग सर काहीही म्हणोत.