नवी डिस्क घेण्याआधी

डिस्क कटकट वाजायला लागली असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, खरेदी उद्या केली तरी चालेल. विंडोजसाठी ५०० जीबीची साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) पुरे. जुन्या कॉम्प्युटरमधल्या डिस्कची केबलच बहुधा तिला बसते. व्हिडिओंचा साठा मोठा असेल तरच सोबत ३.५ इंची हार्ड डिस्क घ्या, तीही शक्यतो सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारीशेजारी लिहिणारी). एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) डिस्क सलग मोठा डेटा लिहिताना फार मंदावते.

स्वस्तातली ‘रिफर्बिश्ड’ (वापरलेली, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेली) डिस्क शक्यतो नकोच. घ्यायचीच झाली तर दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवून ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’, म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांचा आकडा, बघा. शून्य नसेल तर सरळ परत करा. वापराच्या तासांवर विसंबू नका, तो आकडा पुसता येतो. पक्कं बिल मागा आणि सीरियल नंबर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे ना, ते पैसे देण्याआधीच तपासा.