फ्री डिश स्वतः बसवावी का? आधी शिडीचा हिशेब करा

प्रश्न: मी पुण्यात नोकरी करतो. आई-बाबा सातारा जिल्ह्यात गावी असतात. त्यांच्या टीव्हीचा डीटीएच रिचार्ज महिन्याला ३४२ रुपये होतो, तो मीच भरतो. गणपतीत गावी गेलो तेव्हा शेजारी डीडी फ्री डिश पाहिली. पूर्ण संच १,६५० रुपयांना मिळतोय, बसवणारा ४५० वेगळे मागतो. दिवाळीत मीच पत्र्यावर चढून बसवावी म्हणतो. दुसरीकडे आत्ताची कंपनी म्हणते, वर्षाचे पैसे एकदम भरा, एक महिना फुकट. काय करू? वाचलेल्या पैशांची एसआयपी करू का? बाबा ६८ वर्षांचे आहेत, बातम्या आणि क्रिकेट बघतात. आई संध्याकाळच्या मालिका बघते.

उत्तर: तुमच्या पत्रात तीन रकमा आहेत आणि तुमचं लक्ष त्यातल्या सगळ्यात कमी महत्त्वाच्या रकमेवर, एकदाच जाणाऱ्या ४५० रुपयांवर, खिळलंय. म्हणून आधी आकडे नीट मांडू.

महिना ३४२ म्हणजे वर्षाला ४,१०४. माणूस बोलावून फ्री डिश बसवली तर २,१०० रुपये जातील आणि ते सहा महिन्यांहून थोड्या जास्त काळाच्या रिचार्जमध्ये भरून निघतील. स्वतः बसवली तर पाच महिन्यांच्या आत. फरक फार तर दीड महिन्याचा. त्यानंतर फ्री डिशला मासिक भाडं नाही, वार्षिक नाही, कार्डही नाही. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २००४ साली ही सेवा सुरू केली तेव्हापासून ती अशीच आहे. थोडक्यात, बचत आहे ती रिचार्ज थांबण्यात. मजुरी वाचली काय, न वाचली काय, मोठं चित्र बदलत नाही.

पण रिचार्ज थांबवण्याआधी आईंशी बोलला आहात का? पत्रात त्या शेवटच्या वाक्यात येतात, म्हणून विचारते. झी मराठी, स्टार प्रवाह या पैसे मोजून घ्यायच्या वाहिन्या आहेत, फ्री डिशवर त्या मिळणार नाहीत. सह्याद्री मिळेल. खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. २०१९च्या मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या एका फटक्यात फ्री डिशवरून काढून घेतल्या होत्या. दिवसभराची कामं आवरून बाई संध्याकाळी दोन तास टीव्हीसमोर बसते, ती तिची हक्काची वेळ असते. महिना ३४२ रुपयांसाठी ती काढून घ्यायची असेल तर निदान त्यांना विचारून काढा.

बाबांचं गणित उलट आहे. त्यांना फ्री डिशवर फायदाच होईल. २००७च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर ते फक्त दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दिसतं, खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यांना फुकट बघता येतील. आयपीएल मात्र त्यात येत नाही.

तुम्ही न विचारलेला एक तिसरा रस्ताही आहे. १ फेब्रुवारी २०१९पासून ग्राहकाला हव्या तेवढ्याच वाहिन्या निवडता येतात. तेव्हा मूळ शुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये होती, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४मध्ये टीव्हीसेवेचे नियम ठरवणाऱ्या ट्रायने ती मर्यादा काढली, म्हणून तुमच्या कंपनीचा आजचा दर विचारून घ्या. पण ३४२ रुपयांच्या पॅकमध्ये तुमच्या घरात कुणीही न बघणाऱ्या कितीतरी वाहिन्या असणार. त्या काढून आईंच्या दोन-तीन मराठी वाहिन्या ठेवल्या तर बिल दोनशेच्या आतबाहेर यावं. शिडी नको, खिळा नको, एक फोन पुरे.

वर्षाचे पैसे एकदम भरणं आत्ता टाळा. एक महिना फुकट मिळवायला अकरा महिन्यांचे ३,७६२ रुपये अडकवायचे, तेही घरात काय हवंय हे ठरायच्या आधी, हे मला पटत नाही.

आता शिडीकडे येते. तुम्ही दिवाळीत चढाल, डिश बसवाल, फोटो काढाल आणि पुण्याला परत जाल. जूनमध्ये वारा सुटेल, डिश बोटभर हलेल आणि चित्राचे चौकोन दिसायला लागतील. त्या दिवशी ओल्या पत्र्यावर कोण चढणार? मुलाने बसवलेली डिश दुरुस्त करायला बाप चढतो. सत्तरीच्या उंबरठ्यावर खुब्याचं हाड मोडलं तर होणाऱ्या खर्चापुढे तुमचा पाच वर्षांचा वाचलेला रिचार्ज, म्हणजे २०,५२० रुपये, काहीच नाही. सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण मिळतं, पण बाबांना अजून दोन वर्षं आहेत. त्यांचा आरोग्य विमा आहे का, हे पत्रात नाही. नसेल तर टीव्हीच्या आधी तो विषय घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगते.

आणि पत्र्याला, स्लॅबला भोकं पाडू नका. माझ्या सासरी कोरेगावला डिशसाठी स्लॅबच्या कडेला चार भोकं पाडली होती. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या वर्षी देवघराच्या वर ताटाएवढा ओलीचा डाग उमटला आणि गच्चीच्या दुरुस्तीला नऊ हजार गेले. डिशपेक्षा तिची भोकं महाग पडली.

मग स्वतः बसवायचीच नाही का? बसवा की, पण खाली बसवा. डिश उंचावरच लागते हा गैरसमज आहे. तिला उंची नको, समोरचं आभाळ मोकळं हवं. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. साताऱ्याहून बघितलं तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर. इतक्या चढ्या कोनामुळे अंगणातल्या कंबरभर उंचीच्या खांबावरूनही काम भागतं. त्या दिशेचं झाड डिशपेक्षा वीस फूट उंच असेल तर ते बारा फुटांहून लांब हवं, पंधरा असेल तर निश्चिंत.

जागा तपासायला एक पैसा लागत नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो. (त्या दिवसांत काही मिनिटं चित्र जातं, ते यामुळेच.) तेव्हा १ ऑक्टोबरला सकाळी अकराला बाबांना फोन करा आणि अंगणात कुठे ऊन आहे, कुठे आंब्याची सावली आहे, ते बघायला सांगा. ऊन असेल तिथे डिश चालेल. ढगाळ असलं तर दुसऱ्या दिवशी बघा.

तशी जागा मिळाली तर ४५० रुपये खुशाल वाचवा. लोखंडी पाइप सिमेंटमध्ये ओळंब्यात उभा करा, तो तिरका राहिला तर पुढचं सगळं चुकतं. विजेच्या तारांपासून लांब राहा. सेट टॉप बॉक्स एमपीईजी-४ घ्या, जुन्या प्रकारात काही वाहिन्या लागत नाहीत. सिग्नल मोजायचं मीटर विकत घेऊ नका. एकाने घरात टीव्हीवरची सिग्नलची पट्टी बघायची, दुसऱ्याने डिश सुतासुताने हलवायची आणि प्रत्येक वेळी क्षणभर थांबायचं, कारण पट्टी उशिरा वर येते. एलएनबीही (डिशच्या समोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा भाग) थोडी फिरवून बघावी लागते. केबलच्या टोकाला कनेक्टर लावताना बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या आणि बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटलेली नाही ना, हे उजेडात धरून बघा. तेवढ्या एका केसाएवढ्या तारेने नवा बॉक्स बिघडू शकतो आणि मग १,६५० रुपयांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

अंगणात तशी जागा नसेल तर बसवणाऱ्याला ४५० रुपये द्या आणि डिश कठड्याला किंवा भिंतीला बसवून घ्या.

दोन्ही बाबतीत जुनी डिश जागेवरच राहू द्या, फिरवून वापरण्याचा मोह नको. एक महिना दोन्ही सेवा चालू ठेवा. ३४२ रुपये जास्त जातील, पण आईंना काय चुकल्यासारखं वाटतं ते कळेल. महिन्याभरानंतर त्यांचं मन रमलं नाही तर छाटलेला पॅक चालू ठेवून फ्री डिश बाबांच्या क्रिकेटसाठी राहू द्या.

एसआयपीबद्दल. रिचार्ज पूर्ण थांबला तर दरमहा ३४० रुपयांचं पोस्टाचं पाच वर्षांचं आरडी काढा, आईंच्या नावाने. ६.७ टक्के दर धरला तर २०,४०० रुपये भरून सुमारे २४,२५० मिळतील. एसआयपीत जास्त मिळूही शकेल, पण या पैशांचं काम वेगळं आहे. गावच्या गरजेसाठी ते खात्रीने मिळायला हवेत, बाजार त्या महिन्यात वर असो की खाली. हप्ता तुमच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप जाईल असं करा. आणि फक्त पॅक छाटला, महिना १४० रुपयेच वाचले, तर आरडी १४०चं काढा. पोस्टात ते १०० रुपयांपासून निघतं.